फुटपाथवरची बिऱ्हाडं आणि १९७६ चा पुरावा

मुंबईत बेघरांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचा मोठा वेळ कागदांत जातो. आजाऱ्याला दवाखान्यात नेणं, पोरांची शाळा, कारवाईच्या दिवशी सामान वाचवणं हे आहेच. पण आधार कधी काढलं, शिधापत्रिका कुठल्या पत्त्यावर आहे, ती पालिकेच्या गाडीत गेली की पावसात भिजली, ही विचारपूस सुटत नाही. कामाला हे वळण लागलं १९८० च्या दशकात.

त्याआधीचं थोडक्यात. गिरण्यांना, गोदीला, बांधकामांना माणसं हवी होती. त्यांनी राहायचं कुठे, याचा विचार फारसा कोणी केला नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं आली. सरकारच्या हाताशी १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा होता. उदरनिर्वाहाचं उघड साधन नसलेला, भीक मागून जगत असावा असं वाटण्याजोग्या अवस्थेत सार्वजनिक ठिकाणी फिरणारा माणूसही त्यात भिकारी ठरतो. वॉरंटशिवाय उचलता येतं आणि पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं डांबता येतं. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये यातली बरीच कलमं रद्द केली, पण तो निकाल दिल्लीपुरता.

जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, राज्य सरकारने जाहीर केलं की फुटपाथवरच्या लोकांना उठवून त्यांच्या मूळ गावी धाडायचं. दहाच दिवसांत झोपड्या पडू लागल्या. याविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांपैकी एकजण तमिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर होता. तेवीस रुपये रोजावर तो एका रसायन कंपनीत काम करायचा. पश्चिम द्रुतगती मार्गालगतच्या फुटपाथवर प्लास्टिक आणि कॅनव्हासचा आडोसा मिळावा म्हणून त्याने एका झोपडीदादाला अडीच हजार रुपये मोजले होते, म्हणजे शंभरहून जास्त दिवसांची मजुरी. झोपडी पाडली, कुटुंबाला सेलमच्या बसमध्ये बसवलं. बायको-मुली तिकडेच राहिल्या, आणि तो कामाच्या शोधात परत येऊन पुन्हा फुटपाथवरच टेकला. हकालपट्टीने काय साधलं, याचं उत्तर याच एका माणसाच्या परतण्यात मिळतं.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला १० जुलै १९८५ ला. त्यातलं एकच वाक्य सगळीकडे सांगितलं जातं: जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. ते मोठंच आहे, आणि आज देशभर त्याचा आधार घेतला जातो. पण आदेशाचा भाग नीट वाचायला हवा. फुटपाथवर राहण्याचा हक्क कोणालाही नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. १९७६ च्या झोपडपट्टी गणनेत नोंद होऊन ओळखपत्र मिळालेल्या झोपडीवासीयांना पर्यायी जागा द्यायची. फुटपाथवर राहणाऱ्यांपैकी ज्यांची त्या गणनेत नोंद झाली असेल, त्यांना मालाडच्या मालवणीला किंवा सोयीच्या दुसऱ्या ठिकाणी जागा द्यायची. मात्र जागा दिल्याशिवाय उठवायचं नाही, अशी अट नाही. पावसाळा सरल्यावर महिनाभर, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, तेवढी मुदत मिळाली.

माझ्या मते पुढच्या चाळीस वर्षांचं काम या आदेशाने घडवलं. माणूस कुठे झोपतो यापेक्षा तो कधीपासून झोपतो आणि ते कशावरून, हा प्रश्न मोठा झाला. त्याच वर्षी भायखळा आणि आसपासच्या फुटपाथांवर एका संस्थेने सहा हजारांवर कुटुंबांची मोजणी केली, ती याच गरजेतून. या बायका-माणसांची नोंद कोणत्याच यादीत नव्हती. पुढे पर्यायी घराला पात्र ठरण्याची तारीख सरकली: १ जानेवारी १९९५, मग २०००, मग पैसे भरून २०११. तारीख सरकली तरी पुराव्याची मागणी तशीच राहिली, आणि ज्याचं सामान पालिकेची गाडी वरचेवर उचलून नेते त्याच्याकडे पुरावा टिकणार कसा?

निवारागृहांचा विषय त्यामानाने अलीकडचा आणि उगम दिल्लीचा. डिसेंबर २००९ मध्ये तिथे कडाक्याच्या थंडीत बेघरांचा एक तात्पुरता निवारा पाडला गेला, माणसं दगावली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांना आदेश दिले: दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा. २०१३ पासून केंद्राची योजनाही आली, माणशी ५० चौरस फूट जागेचा निकष घेऊन. २०११ च्या जनगणनेत देशात १७.७ लाख बेघर नोंदले गेले, त्यांतले ९.३८ लाख शहरांत. सव्वा कोटीच्या मुंबईला लाखामागे एक या हिशेबाने सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात. शहर त्याच्या जवळपासही पोचलेलं नाही.

त्यातही हे निवारे मुख्यतः एकट्या माणसासाठी आखलेले. मुंबईच्या फुटपाथवर कुटुंबं आहेत: चूल, पाळणा, शाळेचं दप्तर. नवरा पुरुषांच्या निवाऱ्यात, बायको-मुलं दुसऱ्या टोकाला, आणि सकाळी नाक्यावर कामाला उभं कुठून राहायचं? म्हणून लोक नाही म्हणतात, आणि त्यांना सुविधा नकोच आहे असा शेरा मारला जातो. हा शेरा अन्यायाचा आहे.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत सगळ्यांना घरात राहायला सांगितलं, तेव्हा बेघरांसाठी पालिकेच्या शाळा उघडाव्या लागल्या.

कागदांच्या कामाला फळ येतं ते मतदार नोंदणीत. बेघरासाठी पत्त्याच्या पुराव्याची अट नाही. बीएलओने, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, एकाहून अधिक रात्री येऊन तो माणूस खरोखर तिथेच झोपतो याची खात्री करायची. कार्यकर्ते बीएलओला वेळ मागतात, आणि त्या रात्री कोणी दुसरीकडे कामाला जाऊ नये म्हणून आधीच निरोप देऊन ठेवतात.

जनगणनेत बेघरांची मोजणी होते एकाच रात्री. २०११ मध्ये ती २८ फेब्रुवारीला झाली. पुढच्या गणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. कुठल्या पुलाखाली, कुठल्या फलाटावर, परळच्या कर्करोग रुग्णालयाबाहेर किती माणसं झोपतात, ते प्रगणकांपेक्षा रोज फेरी मारणाऱ्या कार्यकर्त्यांना जास्त ठाऊक असतं. त्या रात्री त्यांना प्रगणकांसोबत न्यावं.