तिरप्या रेषेचा जिना

दुसुतीच्या कापडावर क्रॉस स्टिचने भरलेला मोर आठवा. आडव्या-उभ्या रेषा सरळसोट येतात, पण मोराची मान वळायला लागली की तिथे पायऱ्या पडतात. संगणकाचा पडदाही असाच चौकटींचा; त्या चौकटी म्हणजेच पिक्सेल. मात्र कापडावरचा मोर एकदा भरला की जागचा हलत नाही. गेममधलं चित्र सेकंदाला साठ-साठ वेळा नव्याने भरलं जातं आणि पायऱ्या दर वेळी नव्या जागी पडतात.

म्हणूनच खेळताना पायऱ्यांपेक्षा त्यांचं सरपटणं जास्त खुपतं. उभ्या-उभ्या पाहिलं तर कुंपणाची दातेरी कड खपून जाते. चालायला लागलं, की त्याच कडेवरून मुंग्यांची रांग पळाल्यासारखी वाटते. लांबच्या खांबांवरच्या विजेच्या तारा तुटक दिसतात, लुकलुकतात, मध्येच नाहीशा होतात.

नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजारांवर पिक्सेल असतात. काहीच उपाय केला नाही, तर ग्राफिक्स कार्ड प्रत्येक पिक्सेलच्या मध्यबिंदूवर एकदाच विचारतं: इथे काय आहे? मध्यबिंदू भिंतीत असेल तर अख्खा पिक्सेल भिंतीचा, जरा बाहेर असेल तर अख्खा आकाशाचा. अधलंमधलं उत्तर नाही. पिक्सेलहून बारीक तार तर दोन मध्यबिंदूंच्या मधून सरळ निसटून जाते. असा प्रत्येक प्रश्न म्हणजे चित्राचा एक नमुना. नमुने विरळ घेतले की माहिती नुसती हरवत नाही, ती भलतंच सोंग घेऊन परत येते. सिनेमात गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं, तेही असंच सोंग. तिथे नमुने जागेऐवजी काळात विरळ पडलेले असतात. या दोषाला ‘अलायसिंग’ म्हणतात आणि त्यावरच्या उपायांना ‘अँटी-अलायसिंग’; ‘अलायस’ या शब्दाचा अर्थच मुळी दुसरं नाव. पिक्सेल हा बिंदू न मानता छोटासा तुकडा मानावा आणि त्या तुकड्यात जे जे येतं त्याची सरासरी घ्यावी, हे संगणकशास्त्रज्ञ फ्रँक क्रो यांनी १९७७ साली एका शोधनिबंधात मांडलं. त्यानंतरचे सगळे उपाय ही सरासरी स्वस्तात कशी काढायची, याचेच आहेत.

सरळ मार्ग म्हणजे एका पिक्सेलमध्ये चार ठिकाणी विचारायचं आणि उत्तरं मिसळायची. काम चौपट होतं. पण चार बिंदू कुठे ठेवायचे, यातच खरी गंमत आहे. ते चौकोनात नीट मांडले, तर जवळजवळ आडव्या रेषेला ते दोनच उंचींवर भेटतात. दोन खाली, दोन वर. त्यामुळे काळ्या-पांढऱ्याच्या मधली एकच छटा मिळते. तोच चौकोन थोडा तिरका फिरवला की चारही बिंदू वेगवेगळ्या उंचीवर येतात आणि मधल्या तीन छटा मिळतात. प्रश्न तेवढेच, खर्च तेवढाच, कड मात्र कितीतरी मऊ. २००० साली आलेल्या थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू ५ या ग्राफिक्स कार्डाने ही युक्ती घरोघरच्या संगणकांवर आणली. मला ती आजही फार सुंदर वाटते.

याहून एक पायरी पुढचा विचार निसर्गाने आधीच करून ठेवला होता. माकडाच्या डोळ्यातल्या पडद्यावर, मधला भाग सोडला, तर प्रकाश टिपणाऱ्या पेशी ओळीत नसतात, विस्कटलेल्या असतात; तरी दोन पेशी एकमेकींना फार चिकटतही नाहीत. जॉन येलट यांनी १९८३ मध्ये दाखवलं, की या मांडणीमुळे खोटे नक्षीकाम तयार होत नाही, फक्त बारीक खरखर उरते. खरखर नजरेला चालते, खोटी नक्षी चालत नाही. रॉबर्ट कुक यांनी हेच तत्त्व संगणकचित्रांत आणलं.

पुढे काटकसर म्हणून एमएसएए (मल्टिसँपल अँटी-अलायसिंग) आलं: गेममधल्या वस्तू ज्या त्रिकोणांच्या बनतात त्यांची कड चार ठिकाणी तपासायची, पण रंग एकदाच काढायचा. वस्तूंच्या कडा सुंदर झाल्या. ओल्या रस्त्यावरची चमक आणि जाळीदार पानं मात्र लुकलुकतच राहिली. शिवाय प्रकाशाचा हिशेब शेवटी एकत्र करण्याची पद्धत गेममध्ये रुळली, तशी प्रत्येक पिक्सेलची चौपट माहिती साठवणं महाग पडू लागलं. मग तयार चित्रातल्या पायऱ्या शोधून त्या पुसणारं एफएक्सएए (फास्ट अप्रॉक्सिमेट अँटी-अलायसिंग) आलं. ते झटपट होतं, पण निसटलेली तार ते परत आणू शकत नाही.

आज सगळीकडे दिसतं ते टीएए (टेम्पोरल, म्हणजे काळावर आधारलेलं, अँटी-अलायसिंग). त्याचा विचार असा: चार प्रश्न एकाच फ्रेममध्ये, म्हणजे एकाच वेळच्या चित्रात, कशाला विचारायचे? दर फ्रेमला कॅमेरा पिक्सेलच्या अंशाने हलवायचा, प्रश्नाची जागा बदलायची आणि मागच्या फ्रेमांची उत्तरं जपून ठेवायची. नव्या चित्राचा वाटा साधारण दहा टक्के, बाकी साठवलेलं जुनं. वस्तू हलली तर ती आधी कुठे होती याचा माग काढून जुना रंग तिथून उचलायचा. तो रंग शेजारच्या पिक्सेलांशी अगदीच विसंगत असेल, तर आवर घालायचा. ब्रायन कारिस यांनी २०१४ मध्ये गेम बनवण्याच्या अनरिअल इंजिन ४ या सॉफ्टवेअरमधली ही पद्धत उलगडून सांगितली आणि ती भराभर पसरली. तारा अखंड दिसू लागल्या, चमक स्थिरावली.

पण माग चुकला की पळत्या पात्रामागे भुतासारखी सावली ओढली जाते आणि वारंवार मिसळून चित्र मऊ, पुसट होतं. ही तक्रार मला रास्त वाटते. टीएए बंद करण्याची सोयच न ठेवणं हा खेळणाऱ्यावर अन्याय आहे.

जुन्या रंगावर किती विश्वास ठेवायचा, हा निर्णय हाताने लिहिलेल्या नियमांऐवजी शिकवलेल्या न्यूरल नेटवर्ककडे सोपवायचा, हे एनव्हिडिया या ग्राफिक्स चिप कंपनीच्या डीएलएसएसने, म्हणजे कमी पिक्सेल काढून मोठं चित्र जुळवणाऱ्या तंत्राने, २०२० मधल्या दुसऱ्या आवृत्तीपासून केलं. त्याच्या ‘क्वालिटी’ सेटिंगमध्ये फोर-के पडद्यावरच्या सुमारे ८३ लाख पिक्सेलांसाठी फक्त ३७ लाखांच्या आसपासच काढले जातात. बाकीचे मागच्या फ्रेमांतून जुळवले जातात.

तुमच्या गेममध्ये कुठली पद्धत चांगली चालते हे पाहायचं असेल, तर थांबून घेतलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका. विजेच्या तारा किंवा जाळीचं कुंपण असलेली जागा शोधा, त्यांच्या कडेने सावकाश चाला, मग एकदम पळा. प्रत्येक सेटिंगवर हीच फेरी मारा.