एचएससी मार्क आणि स्केल्ड मार्क एक नव्हेत, आणि स्केलिंग बघून विषय निवडू नका

सिडनीत इयर टेनच्या पोरांचे विषय निवडायची वेळ आली की आपल्या मराठी आईबाबांमध्ये तीच चर्चा सुरू होते. फिजिक्स स्केल अप होतं म्हणून घ्यायचं, बिझनेस स्टडीज स्केल डाउन होतं म्हणून नको, व्हिज्युअल आर्ट्सचं तर नावच काढू नका, आणि पोरीला चित्रकलेत जीव की प्राण असला तरी तिला केमिस्ट्रीत बसवायचं. हे सगळं ज्या "स्केलिंग"च्या नावाखाली चालतं, म्हणजे युनिव्हर्सिटी प्रवेशाच्या रँकसाठी वेगवेगळ्या विषयांचे मार्क एका मापावर आणणं, ते नेमकं कशाला लागतं हे विचारलं की दहातल्या नऊ जणांकडून चुकीचं उत्तर येतं, म्हणून एकदा सविस्तर लिहितेय.

एचएससी म्हणजे इथली, न्यू साउथ वेल्सची बारावी; तिचा मार्क काय असतो ते पटकन सांगते. निम्मे मार्क परीक्षेचे, निम्मे शाळेच्या असेसमेंटचे. शाळेचे मार्क नेसा (इथलं बोर्ड) जसेच्या तसे घेत नाही, त्या शाळेच्या मुलांनी बोर्डाच्या परीक्षेत काय केलं त्यावरून मॉडरेट करतं, मात्र शाळेतला तुमचा नंबर तोच राहतो. मॉडरेशन म्हणजे स्केलिंग नाही, विषय संपला. एटार, म्हणजे युनिव्हर्सिटी प्रवेशाला लागणारा आकडा, टक्के नव्हेत हेही आपल्या लोकांना फार समजावायला लागू नये, भाच्याचा सीईटीचा पर्सेंटाइल आपण बघितलेला असतो, तशीच ही रँक आहे. ८० एटार म्हणजे त्या वयोगटातल्या ८० टक्क्यांच्या पुढे, आणि सगळ्यात वरचा ९९.९५.

आता खरी गोची. लोकांच्या डोक्यात अशी साखळी असते: आधी एचएससी मार्क मिळतो, मग यूएसी (युनिव्हर्सिटी प्रवेश बघणारी संस्था) त्या मार्काला स्केल करते, कुणाचा वाढतो, कुणाचा कापला जातो, आणि मग एटार निघतो. ही साखळीच चुकीची आहे. तुमच्या रिझल्टवर जो एचएससी मार्क छापून येतो तो एटारच्या हिशोबात जातच नाही. पेपरातले कच्चे मार्क आणि मॉडरेट केलेले शाळेचे मार्क इथून दोन वेगळे रस्ते फुटतात. एका रस्त्यावर नेसा आहे, दुसऱ्यावर यूएसी आहे, आणि दोघांचे प्रश्नच वेगळे आहेत.

नेसाचा प्रश्न असा: या मुलीला हा विषय किती येतो? अनुभवी शिक्षक बसून ठरवतात की या वर्षीच्या पेपरात बँड सिक्सच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या, दर्जाचं काम करणाऱ्याला कच्चे किती मार्क पडले असते. समजा ते ७८ निघाले, तर ७८ वाल्याच्या रिझल्टवर ९० दिसतात. पेपर कितीही अवघड निघो, दर्जा गाठला की ९०. बाकीच्यांनी काय केलं याच्याशी त्याचा संबंध नाही, उद्या सगळ्यांनी तो दर्जा गाठला तर सगळ्यांना बँड सिक्स.

यूएसीचा प्रश्न वेगळा: या विषयात जी मुलं बसली होती ती एकूण अभ्यासात किती तगडी होती, आणि त्यांच्यात ही मुलगी कितवी आली? म्हणजे फिजिक्सला बसलेल्या मुलांनी आपापल्या बाकीच्या विषयांत काय केलं ते बघायचं, त्या बाकीच्या विषयांतल्या मुलांनी आणखी कुठे काय केलं ते बघायचं, हे सगळं एकत्र सोडवायचं आणि त्यावरून फिजिक्सची स्केल्ड सरासरी ठरवायची. यात "फिजिक्स अवघड आहे" असं कुणी कुठे म्हणत नाही. विषयाला अवघडपणाचा बोनस नसतो. एक्स्टेंशन टू मॅथ्सची (सगळ्यात वरच्या पातळीच्या गणिताची) सरासरी दरवर्षी वर असते कारण ते घेणारी मुलं इंग्लिशपासून केमिस्ट्रीपर्यंत सगळीकडे पुढे असतात. गल्लीतल्या मॅचमधले पन्नास रन आणि रणजीतले पन्नास रन यांचं वजन वेगळं का, तर समोर कोण होतं म्हणून, तसंच हे. आणि हा हिशोब दरवर्षी नव्याने होतो, गेल्या वर्षीचे आकडे पुढच्या वर्षी लागू नसतात.

गोंधळ कुठून येतो तेही सांगते. यूएसी दरवर्षी स्केलिंगचा रिपोर्ट काढते, त्यात एक मोठं टेबल असतं, प्रत्येक विषयासमोर दोन ओळी, वर एचएससी मार्क आणि खाली स्केल्ड मार्क, तेही एका युनिटचे म्हणजे ५० पैकी (बहुतेक विषय दोन युनिटचे असतात). लोक ते टेबल कन्व्हर्जन चार्टसारखं वाचतात, वरच्याचा खालचा "झाला" असं. तसं नाहीये हो. ते टेबल एवढंच सांगतं की त्या विषयात अमुक जागेवर असलेल्या मुलाला पहिल्या रस्त्याने हे मिळालं आणि दुसऱ्या रस्त्याने ते. त्यात खालचा आकडा जवळजवळ नेहमीच लहान दिसतो, अगदी "स्केल अप" होणाऱ्या म्हणून मिरवणाऱ्या विषयांतसुद्धा बऱ्याच जागांवर, कारण यूएसीच्या मापावर राज्यातल्या सरासरी मुलाला ५० पैकी २५ च असतात आणि एचएससी मार्कांची सरासरी बऱ्याच विषयांत शंभरात सत्तरीच्या घरात असते. मापच वेगळं आहे. त्यामुळे "माझ्या लेकाचे ८० होते, त्याचे ६० केले" ही तक्रार मी ऐकली की मला खरंच वाईट वाटतं, कारण कुणी काही कापलेलं नसतं आणि पोरगं मात्र उगीच समजतं की आपण चुकीचा विषय घेतला.

यातून विषय निवडताना कामाची गोष्ट एकच निघते. स्केलिंगने विषयातला तुमचा नंबर बदलत नाही. समजा एक मुलगा केवळ स्केलिंगसाठी फिजिक्स घेतो, दोन वर्षं कण्हत काढतो आणि तळाच्या पाव भागात येतो, तर त्या विषयाची सरासरी वर असूनही त्याच्या वाट्याला तळाचाच स्केल्ड मार्क येणार. त्याच मुलाने मॉडर्न हिस्टरी घेतली असती, आवडीने वाचली असती आणि वरच्या दहा टक्क्यांत आला असता, तर त्याचा स्केल्ड मार्क बहुधा जास्तच आला असता. सरासरी विषयाची असते, मार्क तुमच्या जागेचा असतो. क्लासवाले "हाय स्केलिंग सब्जेक्ट्स" म्हणून जाहिरात करतात त्यात हे वाक्य कधीच नसतं, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

स्केलिंगला काही अर्थच नाही असं मात्र मी म्हणत नाही. मुलगी दोन्ही विषयांत सारखीच वर येऊ शकत असेल, दोन्ही सारखेच आवडत असतील, तर तगडी मुलं असलेला विषय घ्यावा, फायदा होतो. चित्रकलेत किंवा म्युझिक वनमध्ये चांगला एचएससी मार्क आला आणि स्केल्ड मार्क त्या मानाने बराच खाली राहिला असं होतं, ते आधीच माहीत असावं. पण दहा युनिट धरायची असतात, त्यातल्या दोन युनिटसाठी मुलीचा जो एक विषय तिला दिवसभर तग धरायला मदत करतो तो काढून घेणं मला पटत नाही. एक्स्टेंशन वन मॅथ्स घ्यायचं चांगलं कारण हवं असेल तर इंजिनिअरिंगचं बघा. यूएनएसडब्ल्यूला (युनिव्हर्सिटी ऑफ न्यू साउथ वेल्सला) इंजिनिअरिंगसाठी एक्स्टेंशन वन आणि फिजिक्स येतं असं गृहीत धरून शिकवतात, तिथे पहिल्याच टर्मला त्याचा उपयोग होतो. ज्याला खरंच तिकडे जायचंय त्याने ते घ्यावंच, स्केलिंग काहीही असो.

आणि इंग्लिश! एटारच्या एकूण ५०० पैकी १०० इंग्लिशच्या दोन युनिटचे असतात आणि ते टाळता येत नाहीत, बाकीची आठ युनिट सगळ्यात चांगली धरली जातात पण इंग्लिश वाईट गेलं तरी धरलं जातंच. आपल्याकडे पोराला एक्स्टेंशन टू मॅथ्सचे तीन-तीन क्लास आणि इंग्लिशचा निबंध कुणी वाचलेलासुद्धा नाही, अशी घरं मी खूप बघितली आहेत. जो वेळ स्केलिंगची टेबलं पालथी घालण्यात जातो तो त्या निबंधावर बसा, एटारला तिथून जास्त मिळेल.

अजून ठरत नसेल तर इयर इलेव्हनला बारा युनिट घ्यायचीच असतात आणि ट्वेल्व्हला दहावर येता येतं, म्हणजे एक विषय सोडायची मुभा नियमातच आहे. शंका असलेला विषय त्या जागेवर ठेवा, प्रिलिमिनरीच्या म्हणजे इयर इलेव्हनच्या परीक्षांमध्ये वर्गात कितवा नंबर येतो ते बघा, आणि कुठला सोडायचा हे तेव्हा पोरालाच विचारा.