खांदेमळणी वर्षातून एकदाच का?

पोळ्याच्या आदल्या दिवशी मामाकडे खांदेमळणी असायची. हातात तूप-हळद घेऊन बैलाचा खांदा चोळायचा आणि म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या". जू बसतं तिथली कातडी इतकी टणक लागायची, टायरवरून हात फिरवल्यासारखी, की मला वाटायचं बैलाचा खांदा असाच असतो. तसा नसतो, ती जुनी खांदेसूज होती, हे फार उशिरा कळलं.

होतं काय, जू खडबडीत असलं किंवा जोडीतला एक बैल उंच नि दुसरा बुटका असला की भार एकाच जागी येतो, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, कातडी घासते, आत पाणी धरतं आणि सूज येते. तेव्हाच काम थांबवून डॉक्टरला दाखवलं तर उतरते, पण ऐन पेरणीत कोण थांबतंय, मग त्याचीच कडक गाठ होते नाहीतर फुटून अळ्या पडतात.

आणि बैल ओरडत नाही हो! गुरं मुळात शिकार होणारी जनावरं, दुखतंय हे दिसलं की वाघ-लांडगा त्यालाच हेरणार, म्हणून ती दुखणं लपवतात. रवंथ कमी होतं, कान पडतात, जू दिसलं की मान मागे घेतो, बस एवढंच.

प्राण्यांना हक्क असावेत का यावर कोर्टात बरंच झालंय. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने जल्लीकट्टू (तमिळनाडूतला बैलाला धरायचा खेळ) आणि बैलगाडा शर्यती थांबवल्या, २०२३ मध्ये घटनापीठाने या शर्यतींना पुन्हा परवानगी देणारे राज्यांचे बदललेले कायदे मान्य केले आणि प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत असं काही म्हटलं नाही. मला वाईट वाटलं, खरं सांगते. पण जबाबदारी तर आधीपासून कायद्यात आहेच ना! प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्याचं कलम ३ सांगतं की जनावर ज्याच्या ताब्यात त्याने त्याची नीट काळजी घ्यायची, विनाकारण त्रास होऊ द्यायचा नाही. त्याच कायद्याखालच्या १९६५ च्या नियमांत तर ओढकामाच्या जनावराला दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त नाही, सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचंच नाही, इतकं स्पष्ट लिहिलंय. मार्चच्या उन्हात उसाची टायरगाडी ओढणारी जोडी बघितली की हे तास कोण मोजतं असं वाटतं.

घरी बैल असेल तर संध्याकाळी जू उतरवल्यावर खांद्यावर तळहात ठेवून बघा. गरम लागला किंवा दाबल्यावर खड्डा राहिला, तर उद्या त्याला जुंपू नका.