तिमगाद: आखीव चौकोनात न मावलेलं शहर

अल्जीरियाच्या ईशान्येला, ऑरेस डोंगरांच्या उत्तर पायथ्याशी तिमगादचे अवशेष आहेत. वरून काढलेल्या फोटोत मधला भाग चौकटीच्या वहीच्या पानासारखा दिसतो आणि त्या पानाभोवती कुणीतरी मन मानेल तशा रेघोट्या ओढल्यासारखा बाकीचा पसारा.

इसवी सन 100 मध्ये रोमन सम्राट ट्राजनने हे गाव 'कोलोनिया' म्हणून वसवलं. काम केलं तिसऱ्या ऑगुस्ता लष्करी तुकडीने. तिचं ठाणं पुढे जवळच लांबेसिसला आलं. या 'कोलोनिया'चं भाषांतर आपण 'वसाहत' असं करतो आणि लगेच डोळ्यांसमोर इंग्रज येतात. मूळ अर्थ जरा वेगळा आहे. 25 वर्षं चाकरी करून मोकळ्या झालेल्या सैनिकांना जमीन द्यायची आणि त्यांचं रोमन कायद्याने चालणारं नगर उभं करायचं, म्हणजे एक प्रकारचं इनामच. अर्थात जमीन दुसऱ्यांच्या मुलखातली, त्यामुळे डोंगरातल्या बर्बर नावाच्या मूळ रहिवाशांच्या टोळ्यांवर आपोआप वचकही राहायचा. दप्तरातलं भलंमोठं नाव सम्राटाच्या घराण्यावरून ठेवलेलं, पण त्याच्या शेपटाला 'थामुगादी' हा स्थानिक शब्द होता. पुढे टिकला तो तेवढाच.

मूळ आराखडा जवळजवळ चौरस, बाजू सुमारे 355 मीटरची. काटकोनात छेदणारे रस्ते, मधे साधारण 20 मीटर बाजूचे घरांचे चौकोन, मध्यभागी फोरम म्हणजे गावचा मुख्य चौक, शेजारी साडेतीन हजार माणसांचं नाट्यगृह. मुख्य रस्त्याच्या फरसबंदीत गाड्यांच्या चाकांनी पडलेले चर अजून दिसतात. 'चाकोरी' हा शब्द आपण आता फक्त लाक्षणिक अर्थाने वापरतो. इथे ती दगडात बोटं घालून चाचपता येते.

पन्नासेक वर्षांत गाव चौकोनात मावेनासं झालं. ज्युपिटरचं मुख्य मंदिर, जे खरं तर फोरमपाशी हवं, ते तटाबाहेर बांधावं लागलं. बाजार, मोठी स्नानगृहं, श्रीमंतांचे वाडे सगळं बाहेर पसरलं आणि रस्ते वाटेल तसे वळले. तट पाडून त्या जागेवरही घरं चढली. आतल्या घरांच्या एका चौकोनात मात्र सार्वजनिक ग्रंथालय आलं. रोगातियानुस नावाच्या गृहस्थाने त्यासाठी 4 लाख सेस्टर्स (रोमन नाणी) ठेवल्याचा शिलालेख सापडला आहे. छोट्या गावात स्नानगृहं मात्र डझनाच्या वर! फोरमच्या फरशीवर कोरलेल्या सोंगट्यांच्या पटावरचा मजकूर वाचला की त्याचं नवल वाटत नाही: 'शिकार, स्नान, खेळ, हसणं, हेच जगणं.'

चौथ्या शतकात मात्र हवा पालटली. तिमगाद डोनाटिस्ट या बंडखोर ख्रिस्ती पंथाचा बालेकिल्ला झालं. तिथला बिशप ऑप्टाटस सेनापती गिल्डोच्या रोमविरोधी बंडात सामील होता; 398 मध्ये बंड मोडलं आणि तोही संपला. पाचव्या शतकात व्हँडल या जर्मन टोळीचे लोक आले. त्यानंतर डोंगरातल्या बर्बरांनी शहर स्वतःच उद्ध्वस्त केलं. कारण प्रोकोपियस या इतिहासकाराने नोंदवलं आहे: शत्रूला इथे तळ ठोकायला जागाच उरू नये. तरी 539 मध्ये बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याचा सेनापती सॉलोमन आलाच. त्याने पडक्या शहराचेच दगड उचलून दक्षिणेला किल्ला बांधला. सातव्या शतकातल्या अरब स्वाऱ्यांनंतर वस्ती हळूहळू उठली आणि अवशेषांवर माती चढत गेली.

1765 मध्ये जेम्स ब्रूस हा स्कॉटिश प्रवासी इथे येऊन गेला. पद्धतशीर उत्खनन 1881 पासून फ्रेंचांनी केलं. अल्जीरिया तेव्हा त्यांच्या ताब्यात होता आणि आपण रोमचेच वारस आहोत हे दाखवण्याची त्यांना घाई होती. म्हणून रोमन फरशी लागेपर्यंत खणत जायचं, वरचे उशिराचे थर भराभर बाजूला टाकायचे. शहराच्या शेवटच्या काळात पडक्या भिंतींच्या आडोशाने राहिलेल्या माणसांच्या खुणा त्या राडारोड्याबरोबर गेल्या. 1982 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलं, ते हे असं साफसूफ केलेलं तिमगाद.