अमिनो आम्लांच्या वाटा: आतड्यातून रक्तापर्यंत

प्रथिनं पचली की त्यांची अमिनो आम्लं होतात आणि ती रक्तात शोषली जातात, हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं. पण अमिनो आम्लं पाण्यात राहणारी आणि पेशीचं आवरण स्निग्ध. त्यातून ती आपसूक पार होत नाहीत. आवरणात बसलेलं एखादं वाहक प्रथिन त्यांना हाताला धरून पलीकडे नेतं. आणि हे दोनदा घडावं लागतं: एकदा आतड्याच्या पोकळीतून पेशीत शिरताना, दुसऱ्यांदा पेशीच्या मागच्या बाजूने रक्तवाहिन्यांकडे बाहेर पडताना. शिरण्याची वाट बिघडली तर माणूस बहुधा निभावून नेतो. बाहेर पडण्याची बिघडली तर मात्र मूल वाढत नाही. हा फरक का पडतो, ते कळायला पचनापासूनच सुरुवात करावी लागते.

जठरातल्या तीव्र आम्लात प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि पेप्सिन त्यांचे मोठे तुकडे करतं. घडी उलगडल्याशिवाय विकरांना कापायला जागाच मिळत नाही, म्हणून शिजवण्याला इतकं महत्त्व आहे. १९९८ मध्ये बेल्जियममध्ये लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढलेल्या रुग्णांवर एक मोजमाप झालं: शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रथिन पचलं, कच्च्या अंड्यातलं जेमतेम ५१ टक्के. तालमीत कच्ची अंडी गिळणारे त्यातलं निम्मं वाया घालवतात. कच्च्या सोयाबीनचं दुखणं आणखी वेगळं. त्यात ट्रिप्सिनला अडवणारे पदार्थ असतात. नीट शिजवल्यावर ते बरेचसे नष्ट होतात.

ट्रिप्सिन आणि त्याचे सोबती स्वादुपिंडातून निष्क्रिय रूपात येतात. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातलं एंटेरोकायनेज नावाचं विकर ट्रिप्सिनला जागं करतं, आणि ट्रिप्सिन बाकीच्यांना. (ही जाग स्वादुपिंडातच आली तर विकरं त्या ग्रंथीलाच पचवू लागतात. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहात असंच काहीसं होतं.) स्वादुपिंडाच्या विकरांचं काम झाल्यावरही सुटी अमिनो आम्लं ४० टक्क्यांच्या आसपासच असतात. उरलेलं सगळं दोन ते सहा अमिनो आम्लांच्या साखळ्यांच्या, म्हणजे पेप्टाइडांच्या रूपात असतं. आतड्याच्या पेशींच्या पृष्ठभागावरची विकरं त्यांना आणखी छाटतात.

सुट्या अमिनो आम्लांना आत घेणारे बरेचसे वाहक सोडियमच्या जोरावर चालतात. पेशीच्या मागच्या बाजूचा पंप ऊर्जा खर्चून दर फेरीला तीन सोडियम आयन बाहेर काढतो आणि दोन पोटॅशियम आयन आत घेतो. त्यामुळे पेशीबाहेर सोडियम लिटरला सुमारे १४० मिलिमोल, तर आत त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास राहतं. गच्चीवरच्या टाकीत पंपाने पाणी चढवून ठेवावं आणि खाली नळ सोडला की ते जोराने यावं, तसं हे आहे: सोडियम आत धावतं आणि वाहकाच्या खोबणीत बसलेलं अमिनो आम्ल त्याच्यासोबत ओढलं जातं. उदासीन अमिनो आम्लांसाठी (ट्रिप्टोफॅन, फेनिलअॅलनिन, ल्युसिन वगैरे) मुख्य वाहक आहे बीझिरोएटी-१. आतड्यात त्याला आवरणावर टिकून राहायला एसीई-२ या प्रथिनाची साथ लागते. कोविडचा विषाणू ज्याला पकडून पेशीत शिरतो तेच हे एसीई-२. २०२० मध्ये त्याची संपूर्ण रचना उलगडली तीही या वाहकासोबत जोडलेल्या अवस्थेत. आम्लधर्मी, आम्लारिधर्मी अशा बाकीच्या गटांचे वाहक वेगळे आहेत.

पेप्टाइडांची सोय मात्र अगदी निराळी. वीस अमिनो आम्लांपासून दोन-दोनच्या ४०० आणि तीन-तीनच्या ८,००० जोडण्या होऊ शकतात, आणि त्यातल्या जवळपास सगळ्या पेप्ट-१ नावाचा एकच वाहक आत घेतो. चार अमिनो आम्लांची साखळी त्याला चालत नाही. त्याला थेट सोडियम लागत नाही, आतड्याच्या आवरणालगत असलेल्या किंचित आम्लतेतले हायड्रोजन आयन लागतात. सेफालेक्सिनसारखी काही प्रतिजैविकंही पेप्टाइडासारखी दिसतात म्हणून याच वाटेने आत जातात. ती इंजेक्शनाऐवजी कॅप्सूलमधून घेता येतात ती त्यामुळे. पेशीत शिरलेली बहुतेक पेप्टाइडं तिथेच सुटी होतात, म्हणून रक्तात प्रामुख्याने एकेकटी अमिनो आम्लंच दिसतात.

‘एका वेळी ३० ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिन शोषलं जात नाही’ हा जिममधला समज इथेच मोडीत निघतो. शोषणाचा वेग पदार्थानुसार बदलतो. व्हे आणि केसीन ही दोन्ही दुधातलीच प्रथिनं, पण व्हे तासाला साधारण ८ ते १० ग्रॅम जातं, केसीन त्याहून सावकाश. पण आतडं जादा प्रथिन फेकून देत नाही, त्यावर जास्त तास काम करतं. नेदरलँड्समध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात व्यायामानंतर एकदम १०० ग्रॅम दुधाचं प्रथिन दिलं, तेव्हा त्याचा वापर बारा तासांहून अधिक काळ चालू राहिला.

पेशीत शिरायच्या या दोन वाटा (सुट्या अमिनो आम्लांची आणि पेप्टाइडांची) असण्याचा खरा पुरावा रुग्णांनी दिला. १९५६ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी हार्टनप आजाराचं वर्णन केलं. त्यात उन्हात कातडीवर चट्टे उठतात, तोल जातो आणि लघवीतून उदासीन अमिनो आम्लं भरमसाट वाहून जातात. बीझिरोएटी-१ मूत्रपिंडातही गाळलेली अमिनो आम्लं परत घेत असतो. तो बिघडला की आतड्यात शोषण अडतं आणि मूत्रपिंडात गळती होते. ट्रिप्टोफॅन कमी पडलं की त्यापासून होणारं नायसिन हे जीवनसत्त्वही घटतं (६० मिलिग्रॅममागे १ मिलिग्रॅम असा हिशोब धरतात) आणि पेलाग्रासारखी लक्षणं दिसतात. दख्खनला पेलाग्रा नवा नाही. केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरीब कुटुंबांत तो दिसे, आणि हैदराबादच्या सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतल्या जादा ल्युसिनशी जोडला. त्यावर पुढे बरेच वाद झाले.

पण हार्टनपचा दोष असलेल्या अनेकांना बरा आहार मिळाला तर काहीच त्रास होत नाही. हे कसं? सुटं अमिनो आम्ल दिलं तर ते या रुग्णांच्या रक्तात नीट चढत नाही, पण तेच पेप्टाइडात जोडून दिलं तर चढतं, असं १९७० च्या सुमारास दिसून आलं. पेप्ट-१ ची वाट शाबूत होती.

सिस्टिनुरियातही तसंच. त्यात सिस्टिन, लायसिन, आर्जिनिन आणि ऑर्निथिन यांचा सामायिक वाहक बिघडतो. लायसिन शरीराला बनवता येत नाही, तरी या रुग्णांना त्याची चणचण भासत नाही. डाळीतलं लायसिन पेप्टाइडातून पोचतंच. त्यांना छळतो तो मुतखडा. नेहमीच्या लघवीत सिस्टिन लिटरला सुमारे २५० मिलिग्रॅमच विरघळतं, आणि रुग्णाच्या लघवीत दिवसाला त्याच्या कितीतरी पट उतरू शकतं. उरलेल्याचे षट्कोनी स्फटिक होतात. सूक्ष्मदर्शकाखाली सपाट, काचेच्या चकतीसारखे दिसणारे हे स्फटिक सापडले की निदान जवळपास पक्कं. उपायात सर्वांत मोठा वाटा पाण्याचा: दिवसाला ३ लिटर लघवी होईल इतकं प्यायचं, रात्री झोपतानाही आणि मधे उठूनही, कारण रात्री लघवी घट्ट होते. जेवणातलं मीठ कमी केलं तर सिस्टिनही कमी उतरतं. पोटॅशियम सायट्रेटने लघवीचा सामू ७ च्या वर नेतात, आणि एवढ्याने भागलं नाही तर टायोप्रोनिनसारखी औषधं देतात.

आता मागची बाजू. १९६५ मध्ये फिनलंडमध्ये वर्णन झालेल्या एका दुर्मीळ आनुवंशिक आजारात लायसिन आणि आर्जिनिनला पेशीतून रक्ताकडे सोडणारा वाहकच निकामी असतो. इथे पेप्ट-१ उपयोगी पडत नाही. पेप्टाइडं आत येतात, सुटी होतात आणि लायसिन पेशीतच अडकून पडतं. अंगावरचं दूध सुटून प्रथिनयुक्त खाणं सुरू झालं की मूल ओकतं, वाढ खुंटते, आणि पुढे ते मांस-दूध-डाळी स्वतःच टाळू लागतं. आर्जिनिन आणि ऑर्निथिन कमी पडल्यामुळे यकृतातलं युरिया तयार होण्याचं चक्र अडतं आणि जेवणानंतर रक्तात अमोनिया चढतो. उपचार असा: प्रथिनं मोजून द्यायची आणि सोबत सिट्रुलिन. ते दुसऱ्या वाहकांनी रक्तात पोचतं आणि शरीरात त्याचं आर्जिनिन होतं.

निरोगी माणसातही आतड्याच्या पेशी सगळं पुढे पाठवत नाहीत. खाण्यातलं बहुतांश ग्लुटामेट त्या स्वतःच जाळून टाकतात. उरलेलं यकृतात जातं. तिथे ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन फारसे अडवले जात नाहीत, ते स्नायूंकडे जातात. मेंदूच्या उंबऱ्यावर मोठ्या उदासीन अमिनो आम्लांसाठी एकच मुख्य वाहक आहे, आणि तिथे चुरस लागते. पार्किन्सनसाठीचं लेव्होडोपा याच वाहकावर बसून मेंदूत शिरतं. औषधासोबत पनीर, अंडी, मांस असं भरपूर प्रथिनांचं जेवण झालं की आतड्यात आणि मेंदूच्या वेशीवर दोन्हीकडे त्याला जागा मिळायला वेळ लागतो. गोळी लागू पडेनाशी झाली, असं मग घरच्यांना वाटतं. म्हणून लेव्होडोपा जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायला सांगतात, आणि दिवसभर हालचाल मोकळी राहत नसेल तर प्रथिनांचा मोठा हिस्सा रात्रीच्या जेवणात हलवतात. हा बदल डॉक्टरांना विचारूनच करायचा.