वाळवंटातली रेल्वे: नजाऱ्याआधीचा इतिहास

दिवाळी-नाताळच्या सुट्टीत मुंबईतली मराठी कुटुंबं जोधपूर-जैसलमेर करतात, तेव्हा किल्ले आणि वाळूच्या टेकड्यांच्या जोडीला हल्ली आणखी एक ठिकाण यादीत असतं. मारवाड जंक्शन ते खामली घाट ही छोटी हेरिटेज गाडी. ऑक्टोबर 2023 मध्ये ती सुरू झाली. मोठ्या काचांचा डबा, वाफेच्या इंजिनासारखं रूप दिलेलं डिझेल इंजिन आणि सुमारे 50 किलोमीटरचा प्रवास. सुरुवातीला सपाट, काटेरी झुडपांचा मुलूख लागतो, मग गोरम घाटात रूळ वळसे घेत अरवली चढू लागतात. नजारा सुंदरच आहे. पण थरच्या वाळवंटात आणि त्याच्या काठाकाठाने जी रेल्वे आली, ती नजाऱ्यासाठी आली नव्हती. मीठ, धान्य, पाणी आणि पुढे सरहद्द, अशी तिची कारणं होती. शिवाय तिच्या बऱ्याच मोठ्या भागाचा कारभार आपल्या चर्चगेटहून चालायचा.

सुरुवात रुळांच्या रुंदीपासून करावी लागते. मुंबई-ठाण्याला 1853 मध्ये धावलेली गाडी ब्रॉडगेजवर, म्हणजे रुंद रुळांवर होती. राजपुतान्याकडे जाताना मात्र सरकारला खर्च परवडेना. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या काळात, 1870 च्या सुमारास, स्वस्तातला मीटर गेज, म्हणजे एक मीटर रुंदीचा अरुंद मार्ग ठरला आणि 1873 पासून दिल्ली-रेवाडीच्या बाजूने राजपुताना स्टेट रेल्वे सुरू झाली. या मार्गावरचं मोठं आकर्षण म्हणजे सांभर सरोवराचं मीठ. ते सरोवर इंग्रजांनी जयपूर आणि जोधपूर संस्थानांकडून भाडेपट्ट्याने घेतलं होतं. उंटांच्या तांड्यांवरून जाणारं मीठ वाघिणींतून जाऊ लागलं.

1885 मध्ये ही रेल्वे चालवायला बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेकडे, म्हणजे आपल्या बीबीसीआयकडे आली. चर्चगेट स्टेशनासमोरची घुमटवाली दगडी इमारत ही त्याच कंपनीची. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने आराखडा केलेली ही वास्तू 1899 मध्ये पूर्ण झाली. लोकल पकडायच्या घाईत आपण तिच्यासमोरून रोज जातो, पण अजमेरचा रेल्वे इंजिनांचा कारखाना तिथून हाकला जात होता हे फारसं कुणाच्या मनात येत नाही. याच अजमेर कारखान्यात 1895 मध्ये एफ-734 हे मीटर गेज इंजिन तयार झालं. भारतात बांधलेलं ते पहिलं रेल्वे इंजिन. आज ते दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. 1951 मध्ये बीबीसीआयची पश्चिम रेल्वे झाली, तरी अजमेर विभाग चर्चगेटकडेच राहिला. 2002 मध्ये जयपूरला उत्तर पश्चिम रेल्वेचं मुख्यालय झालं, तेव्हा कुठे हे नातं सुटलं.

खऱ्या वाळवंटात शिरली ती संस्थानांची रेल्वे. मुख्य मार्ग जोधपूरला बाजूला ठेवून गेला, म्हणून महाराजा जसवंतसिंह दुसरे यांनी स्वतःची लाइन घातली. खारची, म्हणजे आजचं मारवाड जंक्शन, तिथून 1882 मध्ये गाडी पालीपर्यंत आली, 1885 मध्ये जोधपूरला पोचली आणि 1891 मध्ये बिकानेरला. एक फाटा पचपदऱ्याच्या मिठागरांकडेही गेला.

या रेल्वेचा कायमचा शत्रू म्हणजे वाळू, असं आपल्याला वाटतं. वाळू रुळांवर येई, बेअरिंगांत शिरे, हे खरंच. पण मला विचाराल तर पाण्याची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. वाफेचं इंजिन कोळशाइतकंच पाण्यावर जगतं आणि थरमध्ये विहिरींचं पाणी बहुतेक ठिकाणी खारं. असं पाणी बॉयलरमध्ये उकळलं की नळ्यांवर क्षारांचा थर चढतो, उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, कोळसा जास्त लागतो आणि पाणी फेसाळून वाफेबरोबर सिलिंडरात शिरतं. त्यामुळे गोडं पाणी मिळेल त्या स्टेशनावर भरून घ्यायचं आणि पुढच्या कोरड्या स्टेशनांना टाक्यांच्या वाघिणींतून पोचवायचं, हे काम रेल्वेच्या अंगवळणी पडलं. त्या पाण्यावर फक्त इंजिनच नाही, स्टेशनमास्तर, गँगमन आणि आजूबाजूची वस्तीही जगत असे.

हे जुनं शहाणपण अजून कामी येतं. 2022 च्या उन्हाळ्यात पाली शहराला जोधपूरहून पाण्याची रेल्वे सोडावी लागली. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन गेलेली गाडी आपल्याला चांगली आठवते. तिच्या टाक्या राजस्थानातल्या कोट्याच्या वर्कशॉपमध्ये साफ करून पाठवल्या होत्या. वाळवंटाच्या राज्यातून मराठवाड्याच्या मदतीला आलेल्या त्या वाघिणी मला संस्थानिकांच्या कुठल्याही शाही सलूनपेक्षा, म्हणजे खास आलिशान डब्यापेक्षा, मोलाच्या वाटतात.

विसावं शतक उजाडता उजाडता लुणी-बाडमेरवरून ही लाइन थेट सिंधमधल्या हैदराबादेपर्यंत जुळली होती. फाळणीत याच मार्गाने असंख्य सिंधी कुटुंबं इकडे आली. काही मारवाडातच राहिली, काही पुढे निघाली. आपल्या उल्हासनगरचा इतिहास फक्त कराचीहून आलेल्या बोटींचा नाही, त्यात हे रूळही आहेत. 1965 च्या युद्धात गडरा रोडजवळ सैन्याला रसद पोचवताना आणि रूळ दुरुस्त करताना 17 रेल्वे कर्मचारी शहीद झाले. त्यांचं स्मारक तिथे आहे आणि दर 9 सप्टेंबरला रेल्वेचे लोक तिथे जमतात. सीमेपलीकडची वाहतूक युद्धानंतर बंद पडली. फेब्रुवारी 2006 मध्ये भारत-पाकिस्तान थार एक्स्प्रेसने ती पुन्हा सुरू झाली आणि ऑगस्ट 2019 मध्ये पुन्हा थांबली. आज पर्यटकांनी गजबजलेल्या जैसलमेरला तर रेल्वे 1960 च्या दशकाच्या अखेरीस पोचली.

पर्यटनाचं पान उघडलं 26 जानेवारी 1982 ला, पॅलेस ऑन व्हील्स या आलिशान पर्यटक गाडीने. संस्थानिकांच्या जुन्या मीटर गेज सलूनचा वारसा घेऊन ती निघाली. आपली डेक्कन ओडिसी त्याच वाटेने पुढे 2004 मध्ये आली. पण 1992 पासून देशभर एकाच गेजचं धोरण सुरू झालं आणि राजस्थानातले मीटर गेज रूळ भराभर उखडले गेले. मुंबईकरांची सोय झाली, अहमदाबादला उतरून, सामान डोक्यावर घेऊन गाडी बदलणं संपलं. मात्र त्या बदलात शेकडो इंजिनं भंगारात गेली. उरली ती मोजकी. काही दिल्लीच्या संग्रहालयात आहेत. ते 1977 मध्ये उघडलं. काही रेवाडीच्या शेडमध्ये आहेत. 1893 सालचं हे मीटर गेजचं शेड दुरुस्त करून आता तिथे वाफेची इंजिनं चालू स्थितीत जपली जातात. तिथे गेलात तर इंजिनासमोर फोटो काढून निघू नका. मागे जोडलेला टेंडर बघा. वर कोळसा दिसतो, पण त्याच्या खाली आणि बाजूंनी सगळी पाण्याचीच टाकी असते. ती किती भरली आहे यावर वाळवंटात पुढचा मुक्काम ठरायचा.

मारवाड-खामली घाट हा तुकडा मात्र मीटर गेज म्हणूनच जपायचं रेल्वेने ठरवलं. देशात असे मोजकेच मार्ग निवडले गेले, त्यांत हा एक. बांद्रा टर्मिनसहून सुटणारी सूर्यनगरी एक्स्प्रेस अहमदाबाद, आबू रोड करत मारवाड जंक्शनला थांबते, घाटाच्या गाडीसाठी तिथेच उतरायचं. घाटाची ही गाडी रोज धावत नाही, म्हणून वार बघूनच आरक्षण करा. आणि थेट जोधपूरला निघाला असाल तर मारवाड सुटल्यावर थोडा वेळ खिडकीशी बसा. तिथून पालीपर्यंतचा रस्ता तो 1882 सालचा, गेज बदललेला.