वेष पालटणे वेगळे, मारा पचवणे वेगळे

ट्रिपॅनोसोमा ब्रुसी या एकपेशीय परजीवीच्या ब्रुसी आणि ऱ्होडेसिएन्स या दोन उपजाती सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवल्या, तर जाणकारालाही त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. दोन्ही आफ्रिकेत त्सेत्से माशीच्या दंशातून पसरतात आणि दोन्ही गुरांच्या व रानातील प्राण्यांच्या रक्तात नांदतात. पण पहिली माणसाच्या रक्तात काही तासांत मरते, तर दुसरी माणसाला निद्रारोग जडवते आणि उपचार न झाल्यास काही महिन्यांत जीव घेते. हा फरक कशामुळे पडतो, असे विचारले की बहुधा ‘हा परजीवी रूप पालटतो म्हणून’ असे उत्तर मिळते. रूप पालटण्याची गोष्ट खरी असली, तरी ती या प्रश्नाचे उत्तर नव्हे, कारण ती कला दोन्ही उपजातींना सारखीच अवगत आहे.

या परजीवीचे अंग एकाच पृष्ठप्रथिनाच्या सुमारे एक कोटी रेणूंनी झाकलेले असते. शरीराने त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली की बहुतेक परजीवी मारले जातात. मात्र ज्या थोड्यांनी तोवर दुसरे प्रथिन पांघरलेले असते, ते निसटतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. अशा प्रथिनांची जनुके, मोडकी धरून, दोन हजारांच्या घरात आहेत. हिवतापावरील संशोधनामुळे आपल्याला परिचित असलेले रोनाल्ड रॉस यांनी डेव्हिड थॉमसन यांच्यासह एका रुग्णाच्या रक्तातील परजीवींची संख्या पुन्हा पुन्हा चढते व उतरते, हे १९१० साली नोंदवले होते.

माणसाच्या रक्तातील दुसरे अस्त्र मात्र प्रतिपिंडांची वाट पाहत नाही. मानवी रक्तरसाने हे परजीवी मरतात, हे फ्रेंच वैद्य लाव्हेरान यांनी १९०२ सालीच पाहिले होते. पण मारणारे प्रथिन ॲपोएल-१ आहे, हे समजायला २००३ साल उजाडले. तपासणीच्या अहवालात आपण ज्याला ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणतो, त्या एचडीएलच्या काही कणांवर हे प्रथिन बसलेले असते. परजीवी ते कण अन्न समजून गिळतो. पोटात गेलेले ॲपोएल-१ त्याच्या पाचक पिशवीच्या पटलाला छिद्रे पाडते, पिशवी फुगत जाते आणि परजीवी मरतो. यात अंगावरचे आवरण ओळखण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणून ते कितीही वेळा बदलले तरी उपयोग नाही.

ऱ्होडेसिएन्स वाचते ती एसआरए या प्रथिनामुळे. ते ॲपोएल-१ला आतल्या आत धरून निकामी करते. हे एक जनुक ब्रुसीत घातले की तीही मानवी रक्तरसात तग धरते, हे १९९८ साली दाखवण्यात आले. मला यातली सर्वांत विलक्षण बाब वाटते ती अशी, की एसआरए हे मुळात एक खुरटलेले पृष्ठप्रथिनच आहे: वेषासाठीच्या कापडातून ढाल शिवली गेली. शिवाय हे जनुक पृष्ठप्रथिने व्यक्त करणाऱ्या एका ठराविक जागीच असल्याने, वेष पालटताना परजीवीने ती जागा बंद केली की ढालही जाते. त्यामुळे एकच वाण उंदरांमध्ये वाढवत नेल्यावर मानवी रक्तरसाला बळी पडू लागतो, आणि पुन्हा त्या रक्तरसात वाढवला की तग धरू लागतो. गुरांतून मिळवलेले वाण माणसाला बाधतील का, हे पाहण्यासाठी ते मानवी रक्तरसात ठेवून मग उंदरांना टोचण्याची जुनी चाचणी कधी एक, तर कधी दुसरा निष्कर्ष देई, तो यामुळेच. आता थेट एसआरए जनुकाचाच शोध घेतात.

निद्रारोगाच्या बहुसंख्य रुग्णांना कारणीभूत असलेल्या पश्चिम व मध्य आफ्रिकेतील गॅम्बिएन्स उपजातीकडे एसआरए नाही. तिने तोच मारा दुसऱ्या प्रथिनाने आणि एचडीएलचे ते कण कमी गिळून चुकवला आहे. उलट बबून माकडाच्या ॲपोएल-१ची घडण थोडी निराळी असल्याने तेथे ऱ्होडेसिएन्सचीही ढाल चालत नाही.

वेष पालटणे आणि ॲपोएल-१चा मारा पचवणे या दोन गोष्टी वेगळ्या असल्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा महाराष्ट्रातून मिळाला. घोडे, उंट आणि गुरांना सर्रा रोग जडवणारा ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा ब्रुसीचा निकटचा नातलग आहे; ग्रिफिथ इव्हान्स यांनी तो १८८० साली डेरा इस्माइल खान येथे शोधला. त्याला त्सेत्सेची गरज नसते, गुरांना चावणाऱ्या मोठ्या माश्या त्याला एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. वेष पालटण्यात तो तरबेज आहे, पण त्याच्याजवळ एसआरए नाही, म्हणून तो माणसाला बाधत नाही असाच समज होता. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला चढउतार होणारा ताप येत होता आणि त्याच्या रक्तात हाच परजीवी सापडला. परजीवीने नवी ढाल मिळवली असावी, अशी शंका येणे स्वाभाविक होते. तपासात मात्र परजीवी नेहमीचाच निघाला. रुग्णाच्याच ॲपोएल-१ जनुकाच्या दोन्ही प्रतींत बिघाड होता आणि रक्तात ते प्रथिनच नव्हते. सुरामिन हे औषध देऊन तो बरा झाला. प्रयोगशाळेत त्याच्या रक्तरसात तयार ॲपोएल-१ मिसळताच त्या रक्तरसाची परजीवी मारण्याची क्षमता परत आली.